भाच्याच्या जहाजावर जायचंय

गेल्या महिन्यात या सदरात मी घरच्या वायफायचं रडगाणं गायलं होतं. या वेळी विषय जरा मोठा आहे. आम्ही जहाजावर जाणार आहोत. जेवण, नाचगाणी आणि स्विमिंग पूल असलेल्या क्रूझवर नव्हे, नौदलाच्या लढाऊ जहाजावर. तेही एका दिवसासाठी. अजून तारीख नक्की नाही, जहाज त्या दिवशी बंदरात असेल याचीही खात्री नाही. पण आमच्याकडे तयारी अशी चालली आहे, की शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "कुणाचं लग्न ठरलंय काय?"

आपल्या नौदलात एक चांगली पद्धत आहे. वर्षातून एखाद्या दिवशी जहाजावरच्या लोकांच्या घरच्यांना जहाजावर बोलावतात. सकाळी धक्क्यावरून चढायचं, जहाज समुद्रात जातं, दिवसभर तिथलं काम दाखवतात, जेवण तिथेच, आणि संध्याकाळी परत. याला 'डे ॲट सी' म्हणतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास, समुद्र शांत असताना, असे दिवस बऱ्याचदा ठेवतात. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, म्हणून तो दिवस नौदल दिन. शाळेत पाठ केलेली ही तारीख आता आमच्या घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा नौदलात आहे. वय एकवीस. जहाज कारवारच्या तळावर असतं. जहाजाचं नाव मी लिहिणार नाही, भाच्याने तशी सक्त ताकीद दिली आहे. "मामा, तळ कुठं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. जहाजाचं नाव, तारीख, कुठं गेलो, कुठं चाललो, यातलं काय लिहायचं नाही." जो मुलगा दहावीत असताना खाल्लेल्या प्रत्येक वडापावचा फोटो टाकायचा, तो मला हे सांगतो. २०१९ च्या डिसेंबरपासून नौदलाच्या जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी आहे. हेरगिरीचं एक प्रकरण उघडकीला आल्यावर ती आली. त्यामुळे आमच्या ताईचं जग आता एका शब्दावर चालतं : 'लास्ट सीन'. तो बंदरात उतरला की हिरवा ठिपका दिसतो, आणि ताईच्या घरी गॅस पेटतो.

बेळगावात फौजेत जाणं नवीन नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर गावातच आहे. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलात तर भरतीसाठी धावणारी पोरं दिसतील. भूदल आहे, हवाई दल आहे, आमच्याकडे नाही तो फक्त समुद्र. त्यामुळे भाच्याने बारावीनंतर "मी नेव्हीत जातो" म्हटलं, तेव्हा आमच्या आईने पहिला प्रश्न विचारला, "अरे, तुला पोहायला तरी येतंय काय?"

दुसरा प्रश्न मी विचारला होता, आणि तो प्रश्न नव्हता, व्याख्यान होतं. मी बीई झालेला, घरातला पहिला. भाच्याचं गणित चांगलं. मी त्याला सीईटीची पुस्तकं दिली होती, कॉलेजांची यादी काढून दिली होती. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत कापले जाणार, सरकार तेवढेच घालणार. चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११.७१ लाख हातात, पेन्शन नाही. आणि तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांनाच पुढे कायम करणार. मी हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं, बाजूच्या रकान्यात इंजिनिअरचा पगार मांडला, आणि त्याला दाखवलं. त्याने शांतपणे बघितलं. म्हणाला, "मामा, यात समुद्राचा कॉलम कुठाय?"

मी चिडलो होतो. आता हसू येतं.

२०२३ च्या मे महिन्यात तो ओडिशात आयएनएस चिलकाला गेला. नौसैनिकांचं सुरुवातीचं प्रशिक्षण तिथे होतं, चिलका सरोवराच्या काठावर. प्रशिक्षण संपताना दीक्षान्त संचलन असतं, त्याला आईवडिलांना बोलावतात. ताईला एकटीला एवढ्या लांब जायचं धैर्य नव्हतं, आणि दाजींना तेव्हा टायफॉइड झाला होता. मी म्हटलं, ताई, काळजी करू नको, मी नेतो. तिकिटं काढली. आणि निघायच्या तीन दिवस आधी ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज पुढे आली. मी रजा रद्द केली. ताई काही बोलली नाही. "असू दे की रे, तुझं पण काम आहे," एवढंच. नंतर त्याच्या मित्राच्या वडिलांनी काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ आला. पांढऱ्या कपड्यातली सगळी पोरं सारखीच दिसत होती. ताई तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघायची आणि मला विचारायची, "हा आमचा काय रे?" मला पण ओळखता यायचा नाही.

ती रिलीज, सांगायला हरकत नाही, दोन आठवड्यांनी मागे घ्यावी लागली. आज ते फीचर कुणी वापरत नाही.

तर गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. घरच्यांची तीन नावं द्यायची आहेत, आधारच्या नंबरासकट. पुढे त्यांची पडताळणी होणार. तीनच नावं. ताई आणि दाजी तर ठरलेलेच. तिसऱ्या जागेसाठी घरात निवडणूक लागली. आई म्हणाली, "मी येतो की, मी काय म्हातारी झालोय व्हय?" (आमच्याकडे बायका पण 'येतो'च म्हणतात, पुण्याच्या सुनबाईंनी दचकू नये.) माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, तिला तोफ बघायची आहे. भाच्याने मात्र परस्पर माझं नाव घातलं. कारण विचारलं तर म्हणाला, "आईला चक्कर आली तर धरायला कोणतरी पायजे. बाबांचा भरवसा नाही, ते इंजिन शोधत फिरतील."

म्हणजे मी मानाचा पाहुणा नाही, मदतनीस म्हणून चाललो आहे. चालेल.

दाजींबद्दल तो म्हणाला ते शंभर टक्के खरं आहे. दाजी उद्यमबागेत एका वर्कशॉपात लेथवर आहेत, सव्वीस वर्षं. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप दाटीवाटीने उभ्या आहेत, तिथे वाढलेल्या मुलाला लोखंडाचा वास घरचा वाटतो. भाचा लहानपणी सुट्टीत दाजींचा डबा घेऊन जायचा आणि तिथेच रमायचा. नौदलातही तो यांत्रिक शाखेत गेला. जहाजाच्या पोटात, इंजिनं आणि जनरेटरपाशी त्याची ड्युटी असते. दाजी फारसं बोलत नाहीत, पण मुलाचा फोन आला की एकच प्रश्न : "बेअरिंग आवाज करालंय काय?" आणि मग बापलेक पंधरा मिनिटं तेल, दाब आणि तापमान यावर बोलतात. ताई बाजूला ताटकळत. तिला विचारायचं असतं, जेवलास काय.

आता तयारीकडे येतो. तुमच्यापैकी कुणाचं पोर नौदलात असेल आणि असं बोलावणं आलं, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कपडे. जहाजावरचे जिने आपल्या घरासारखे नसतात. लोखंडी, अरुंद आणि जवळजवळ उभे. त्यांना तिथे लॅडरच म्हणतात, आणि ते बरोबर आहे, ती शिडीच असते. उतरताना तोंड शिडीकडे ठेवून, दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठमोरं उतरायचं. साडी नेसून हे अवघड. आमची ताई शहापुरात साड्यांना फॉल-बिडिंग करते, तिच्या कपाटात साड्यांशिवाय काही नाही. वीस वर्षांनी तिने खडेबाजारातून पंजाबी ड्रेस घेतला. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "कॉलेजला चालल्यासारखं वाटालंय." मग आमच्या माळ्याच्या शिडीवर सराव झाला. पहिल्या दिवशी चार पायऱ्या, आता माळ्यावरचा दिवाळीचा आकाशकंदील तीच काढून आणते. बूट रबरी तळव्याचे, सपाट. टाचेच्या चपला, गळ्यातली लांब ओढणी, लोंबणारी पर्स घरी ठेवायची. ओढणीला पिन.

दुसरी गोष्ट ओळखपत्र. ज्या नावाने आधार, त्याच नावाने यादीत नाव. आमच्या दाजींच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं. सीमाभागात हे घरोघरी आहे : शाळेच्या दाखल्यावर मराठी उच्चार, सरकारी कागदावर कन्नड उच्चार, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाची स्वतःची एक भर. मी दोन शनिवार त्यात घालवले. फोन आणि कॅमेरा प्रवेशाच्या वेळी जमा करावे लागतील असं भाच्याने सांगितलं आहे, तेव्हा फोटोंची आशा आधीच सोडलेली बरी.

तिसरी गोष्ट पोट. बोट लागणं म्हणजे काय, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे समोरची स्थिर भिंत बघून सांगतात की नाही. दोन सेन्सरांचे आकडे जुळले नाहीत की मेंदू गोंधळतो आणि पोटावर राग काढतो. म्हणून बंद खोलीत बसू नये, उघड्यावर यावं आणि दूर क्षितिजाकडे बघावं, म्हणजे डोळ्यांनाही हलणं दिसतं. जहाजाच्या टोकांपेक्षा मधल्या भागात हेलकावे कमी. सकाळी पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही भरायचं नाही. एव्होमीनसारखी गोळी चढायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, आणि इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मी विचारलं आहे.

आता आमच्या व्यवसायात कुठलीही गोष्ट चाचणी केल्याशिवाय चालू करत नाहीत. म्हणून एका रविवारी मी सगळ्यांना आंबोली घाट उतरून मालवणला नेलं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसवलं. २०२३ चा नौदल दिन याच किनाऱ्यावर साजरा झाला होता. त्या वेळी भाचा अजून शिकाऊ होता, टीव्हीवर बघून त्याने मला फोन केला होता, "मामा, महाराजांच्या किल्ल्यासमोर आमची जहाजं उभी आहेत!" आमची होडी निघाली. लाटा बऱ्यापैकी होत्या. दाजी होडीच्या इंजिनाकडे कान लावून बसले, थोड्या वेळाने नावाड्याला म्हणाले, "एक इंजेक्टर बघून घ्या." ताईने हात पाण्यात घातला आणि हसली. आई बुरुजांकडे बघून महाराजांच्या गोष्टी सांगत होती. उलटी फक्त एका माणसाला झाली. धरणारा म्हणून ज्याची निवड झाली होती, त्याला.

त्या रात्री भाच्याला हे कळलं. तो इतका हसला की ताईला फोन लांब धरावा लागला.

मालवणहून येताना गाडीत ताईने विचारलं, "जमीन दिसेनाशी होते काय रे?" तिला चारी बाजूंनी पाणी या कल्पनेचीच धास्ती. मी हिशेब करून सांगितला. डोळे पाण्यापासून दहा मीटर उंच असले तर क्षितिज साधारण अकरा किलोमीटरवर असतं. किनाऱ्यावरची वाळू, घरं लवकरच क्षितिजाखाली जातील. पण कारवारच्या मागे सह्याद्री उभा आहे. हवा स्वच्छ असेल तर डोंगर खूप लांबपर्यंत दिसत राहतील. जहाज १५ नॉट वेगाने गेलं तरी तो ताशी २८ किलोमीटर होतो, आपल्या बेळगावातल्या रिक्षाएवढा. ताईला बरं वाटलं. "मग डोंगराकडे बघत बसतो," म्हणाली.

सगळं असं मार्गाला लागत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती कुणीच बोललं नव्हतं. मी भाच्याला विचारलं, "त्या दिवशी तू आमच्याबरोबर असशील ना?" थोडा थांबला. म्हणाला, "मामा, जहाज चालत असेल तर मी खाली असणार."

खरंच की. जहाज काही आपोआप चालत नाही. आम्ही वर डेकवर वारा खात असताना, हेलिकॉप्टर उडताना बघत असताना, टाळ्या वाजवत असताना, ज्याच्यासाठी आम्ही आलो तो खाली, कानावर मफ लावून, घामाने भिजलेला, दर तासाला तेलाचा दाब आणि तापमान वहीत लिहीत असणार. जहाजावर चार-चार तासांच्या पाळ्या असतात. बंदर सोडताना आणि परत लागताना तर बहुतेक सगळेच आपापल्या जागेवर. दुपारी त्याची पाळी सुटली तर तासभर वर येईल. "जेवायला तुमच्याबरोबर बसायचा प्रयत्न करतो," म्हणाला.

मला वाटलं, हे ताईला कसं सांगायचं? एवढी शिडी चढायला शिकली ती कशासाठी? दोन दिवस मी गप्प राहिलो. मग सांगून टाकलं. ती फॉल लावत होती. सुई थांबवली नाही. म्हणाली, "मग बरंच आहे की. तो चालवणार आणि मी बसणार. आजवर मीच त्याला फिरवलंय."

इथे अमेरिकेच्या नौदलाची एक गोष्ट आठवते. त्यांच्याकडे 'टायगर क्रूझ' नावाची पद्धत आहे. कित्येक महिन्यांची मोहीम संपवून जहाज घरी परतत असतं, तेव्हा शेवटच्या टप्प्यावर खलाशांचे आईवडील, भावंडं, मुलं जहाजावर चढतात. उदाहरणार्थ, हवाईहून सॅन डिएगोपर्यंत, सुमारे ४,००० किलोमीटर, काही दिवस ते खलाशांबरोबरच राहतात. २००१ च्या सप्टेंबरमध्ये 'कॉन्स्टेलेशन' ही विमानवाहू नौका अशीच पाहुण्यांना घेऊन हवाईहून घरी निघाली होती. वाटेत असतानाच ११ सप्टेंबर उजाडला. न्यूयॉर्कवर हल्ला झाला. आनंदाची सहल चालू असलेलं जहाज बघता बघता युद्धाच्या तयारीला लागलं, आणि जहाजावरच्या पाहुण्यांनी आपली माणसं कामाला लागताना डोळ्यांनी बघितली. पुढे त्यावर एक चित्रपटही निघाला. मला या गोष्टीतलं युद्ध महत्त्वाचं वाटत नाही. मला वाटतं, त्या आईबापांना मुलाचं काम दिसलं. एरवी आपल्याला आपल्या माणसांचं काम कुठे दिसतं? पगार दिसतो, रजा दिसते, थकलेला चेहरा दिसतो. मी दिवसभर काय करतो हे माझ्या आईला अजून माहीत नाही. ती पाहुण्यांना सांगते, "कॉम्प्युटरसमोर बसतोय आणि लोकांशी भांडतोय." तसं ते खरंच आहे म्हणा.

आता माझी एक कबुली. जाताना न्यायच्या सामानात मी एक निळी फाइल तयार ठेवली होती. २०२७ च्या मेच्या सुमारास भाच्याची चार वर्षं पूर्ण होतात. तो कायम होईल का, कुणी सांगू शकत नाही. त्याला तिथेच राहायचं आहे. ताईला तो परत यायला हवा आहे, पण हे ती त्याच्याजवळ बोलत नाही, आणि त्याला राहायचं आहे हे तो तिच्याजवळ बोलत नाही. दोघंही मला सांगतात. माझ्या फाइलीत पुढची सोय होती : कुठले सॉफ्टवेअरचे कोर्स, कुठली पदवी बाहेरून करता येईल, मिळणारा निधी कुठे गुंतवायचा, माझ्या ओळखीत कुठे शब्द टाकता येईल. जहाजावर निवांत वेळ मिळेल, दाजी, ताई आणि तो तिघं समोर असतील, तेव्हा विषय काढायचा, असं मी ठरवलं होतं. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा तीच एक्सेल, नवीन रकान्यांसह.

परवा रात्री ती फाइल मी पुन्हा चाळली. सव्वीस पानं. त्यात जहाजाच्या इंजिनावर त्याने जे शिकलं त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. कारण ते काय आहे, हे मला माहीतच नाही. वाफ, टर्बाइन, पंप, समुद्राच्या पाण्याचं प्यायचं पाणी करणारी यंत्रं, रात्री दोनला आवाज बदलला की कुठे हात लावून बघायचं, यातलं किती त्याला येतं, मी कधी विचारलं नाही. दाजींनी विचारलं. मी फक्त सल्ले दिले. बेळगावात असताना कन्नडच्या पेपरात पस्तीस मिळवून सुटलेला हा मुलगा आता बागलकोटच्या सोबत्याशी पाळीवर कन्नडमध्ये बोलतो आणि बिहारच्या मुलाकडून लिट्टी करायला शिकला, हेही मला ताईकडून कळलं.

ती फाइल मी कपाटात ठेवली. फाडली नाही, मी तेवढा संत नाही. कदाचित उद्या लागेल. पण जहाजावर न्यायची नाही. त्या दिवशी त्याचं काम बघायचं, तो जेवायला आला तर त्याचं ऐकायचं, आणि त्याने विचारलं तरच बोलायचं. आपली तरुण मुलं वेगळ्या वाटेने जातात तेव्हा आपण मामा-काका मंडळी लगेच परतीचा रस्ता आखायला बसतो. तो कुठवर पोचलाय, ते आधी जाऊन बघायला काय हरकत आहे?

बाकी बेत असा आहे. आदल्या दिवशी दुपारी निघायचं, खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट उतरून कारवार. घाटात अंधार पडायच्या आत. आईसुद्धा येणार आहे, आणि माझी बायको व मुलगीही. आई म्हणते, "मला शिडी नको आणि तोफ नको. मी टागोर बीचवर बसून हात करतो. त्याला दिसलं नाही तरी चालेल." तो तर इंजिनापाशी असणार, त्याला दिसणार नाहीच, पण हे आईला कोण सांगणार? मुलीची सोय झाली आहे. तिथे किनाऱ्यावरच 'चापल' ही निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून उभी आहे, आत जाऊन बघता येते. भाच्याने एकच गोष्ट मागितली आहे, कुंदा. तो जहाजावर नेऊ देतील की नाही ते बघू, नाहीतर तो सुटीवर उतरेपर्यंत आईच्या ताब्यात. म्हणजे उरेल याची खात्री नाही.

आणि हो, ऑफिसात मी रजेचा अर्ज दिला आहे. तारीख ठरलेली नाही म्हणून तीन संभाव्य तारखा लिहून. मॅनेजर म्हणाले, "त्याच आठवड्यात रिलीज आहे, बघू या." मी म्हटलं, "बघू या नको. मी नसणार." जहाजाला ऐन वेळी दुसरीकडे जायचा हुकूम आला तर सगळा बेत रद्द होईल, याची तयारी आम्ही ठेवली आहे. त्याचं काम आडवं आलं तर चालेल. या वेळी माझं येणार नाही.

ताईला हे सांगितलं. तिने नवीन ड्रेसला इस्त्री करून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, तो काढून परत एकदा बघितला. म्हणाली, "तुझी ती गोळी घ्यायला विसरू नकोस. तिथं तुला धरायला मला वेळ नाही."